रायफलीची पारख: काय पाहावं, कसं पाहावं

दसऱ्याच्या उत्सवात रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते आणि रायगड पोलिसांची सशस्त्र तुकडी तिला मानवंदना देते. त्या वेळी रोहेकरांना रायफल चार हातांवरून पाहायला मिळते. एरवी पेण-रोह्यात ती दिसते मतदान यंत्रांच्या खोलीबाहेर, किंवा आरोपीला कोर्टात नेणाऱ्या पोलिसाच्या खांद्यावर. डोंगरालगतच्या वाड्यांत हत्यार वेगळं असतं. रानडुकरांपासून भात आणि वाल राखण्यासाठी तिथल्या काही घरांत परवान्याची बंदूक असते.

हत्यार कसं आहे, हे बहुतेक जण आवाजावरून, दिसण्यावरून नाहीतर त्यात किती गोळ्या बसतात यावरून ठरवतात. ज्याला पारख आहे तो दोनच गोष्टी विचारतो. उडायला हवं तेव्हा ते हमखास उडतं का? आणि उडायला नको तेव्हा हमखास गप्प राहतं का? नळी, बोल्ट, मॅगझिन, चाप, लाकूड, लेप, सगळ्याची तपासणी या दोन प्रश्नांची उत्तरं मिळवण्यासाठीच असते. पोलिसाच्या रायफलीला आणि शेतकऱ्याच्या दुनळीला कसोटी एकच.

आधी कायदा

सेमी-ऑटोमॅटिक रायफल आपल्याकडे सामान्य नागरिकाला विकत घेता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार ती प्रतिबंधित शस्त्रांत मोडते. अशी रायफल बेकायदा बाळगली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे आणि ती चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली.

या कडकपणामागे कारण आहे. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीची गोळी अडवली गेली नाही, तर तीन किलोमीटरहून लांब जाते. आपल्याकडे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत हाक ऐकू जाते. शेताच्या बांधावरून सुटलेली अशी गोळी कुठे थांबेल, हे कोणालाच सांगता यायचं नाही. बारा बोअरच्या बारीक छर्ऱ्यांचा दम दोनशे-अडीचशे मीटरवर संपतो. शेतीरक्षणासाठी छर्ऱ्याची बंदूक दिली जाते ती यासाठी.

रायगडच्या किनाऱ्यावर हत्यारं अचानकही सापडली आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ नावाची भरकटलेली नौका लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली मिळाल्या. खाडीत, जंगलात किंवा पडक्या घरात असं काही दिसलं, तर उचलून पाहू नये. लांब राहून ११२ वर फोन करावा. हत्यार भरलेलं आहे की रिकामं, हे नुसत्या नजरेने कळत नाही.

एका गोळीत काय काय घडतं

जुन्या .३०३ रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने उचलून मागे ओढावा लागतो, मग पुढे ढकलावा लागतो. सेमी-ऑटोमॅटिक रायफल हे काम स्वतः करते. मात्र चाप एकदा दाबला की गोळी एकच सुटते. दुसरी हवी असेल तर चाप सोडून पुन्हा दाबायला हवा. चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात ते हत्यार पूर्ण ऑटोमॅटिक. एके-४७ मध्ये या दोन्ही सोयी आहेत.

पोलीस जिला एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) म्हणतात, त्या रायफलीत हे असं घडतं. दारू पेटते आणि गोळी नळीतून पुढे निघते. गोळीने नळीतलं एक बारीक भोक ओलांडलं की मागचा थोडा गॅस त्यातून वर, नळीच्या डोक्यावर बसवलेल्या सिलिंडरमध्ये शिरतो. तो पिस्टनला मागे ढकलतो आणि पिस्टन बोल्ट वाहून नेणाऱ्या भागावर आदळतो. बोल्टचं मागचं टोक पोलादी आडव्या ठोकळ्याला टेकलेलं असतं. ते वर उचललं जातं, कुलूप उघडतं आणि काडतुसाचं रिकामं खोकं ओढून उजवीकडे फेकलं जातं. दस्त्यातली स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे रेटते. जाता जाता बोल्ट मॅगझिनमधलं वरचं काडतूस नळीत सरकवतो आणि मागचं टोक पुन्हा ठोकळ्याला टेकतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं. या साखळीतली एक कडी ढिली असली, तरी रायफल अडते.

एसएलआर आली कुठून

मूळ रचना बेल्जियमच्या एफएन कारखान्यातली, दियुदोने सेव्ह या अभियंत्याची. १९६२ च्या चीन युद्धात आपले बहुतेक जवान .३०३ घेऊन लढले. प्रत्येक गोळीमागे बोल्ट हाताने ओढायच्या रायफलीची मर्यादा तिथे उघडी पडली. त्यानंतर बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीतून ७.६२ मिलिमीटरची १ए१ म्हणजेच एसएलआर मोठ्या प्रमाणावर निघू लागली. वजन साडेचार किलोच्या आसपास, लांबी एक मीटरहून जास्त, मॅगझिनमध्ये वीस गोळ्या. १९७१ च्या युद्धात जवानांच्या हाती हीच होती. पुढे लष्कराकडे इन्सास ही नवी रायफल आली आणि एसएलआर मोठ्या संख्येने राज्यांच्या पोलिसांकडे गेली.

या हत्यारांच्या कहाणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. इन्सासचा आराखडा पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेत झाला. रायफलींची काडतुसं पुण्याजवळ खडकीत आणि भुसावळ तालुक्यातल्या वरणगावात बनतात. खडकीचा कारखाना १८६९ चा, वरणगावचा १९६४ चा. रायफल कितीही उत्तम असली तरी तिचं काम अखेर काडतुसावर अवलंबून असतं. म्हणून पारख करताना काडतुसाचा लॉट आणि साठवण यांचीही नोंद घेतली जाते.

नळी: सगळ्यांत महाग भाग

तपासणीची पहिली पायरी कधीच चुकवायची नाही. मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढून अडकवायचा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवायचं आणि काडतुसाची जागा, म्हणजे चेंबर, रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहून वर बोटानेही चाचपायचं. हा क्रम उलटा झाला आणि बोल्ट आधी ओढला, तर मॅगझिनमधलं काडतूस नळीत जातं. रायफल रिकामी केली या समजुतीत ती भरली जाते, आणि साफसफाई करताना होणारे अपघात बहुधा असेच होतात.

मग नळीतून उजेडाकडे पाहायचं. आतले पिळाचे चर स्वच्छ, धारदार आणि शेवटपर्यंत सारखे दिसले पाहिजेत. गंजाचे खड्डे पडले असतील तर तिथे काळे ठिपके दिसतात आणि साफसफाईची चिंदी फिरवली तरी ते जात नाहीत. नळीत एखाद्या ठिकाणी गडद कडं दिसलं, तर तिथे फुगवटा आल्याची शंका घ्यावी. चिखल, पाणी किंवा विसरलेली चिंदी आत असताना गोळी झाडली की नळी अशी फुगते. फुगलेली नळी दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते.

नळीच्या तोंडाची कडा हा लहानसा पण निर्णायक भाग आहे. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श तिला होतो. कडेला एका बाजूने खरचटलं असेल, तर गॅस त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो. रायफली भिंतीला आपटून ठेवल्या, जीपच्या पत्र्यावर टेकवल्या, किंवा साफसफाईची सळई तोंडाकडून खरवडत घातली की ही कडा बिघडते.

बोल्ट, कुलूप आणि जुळणारे आकडे

गोळी सुटते त्या क्षणी काडतुसामागे प्रचंड दाब असतो आणि तो पेलतो बोल्ट. त्यामुळे बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यातली जागा अगदी नेमकी लागते. हत्यारांची देखभाल करणारे आर्मरर तिला हेडस्पेस म्हणतात. ती जास्त झाली तर खोकं फाटू शकतं, कमी झाली तर बोल्ट पूर्ण बंद होत नाही. अंदाजाने ती कळत नाही. त्यासाठी ‘गो’ आणि ‘नो-गो’ हे दोन गेज वापरतात. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये.

एसएलआरमध्ये ही जागा मागच्या पोलादी ठोकळ्याच्या मापाने ठरते आणि प्रत्येक रायफलीसाठी योग्य मापाचा ठोकळा निवडून बसवलेला असतो. म्हणून बॉडी आणि बोल्ट यांवरचे नंबर जुळतात का, हे पाहणं कागदोपत्री उपचार नाही. दहा रायफली एकाच टेबलावर उघडून साफ केल्या आणि बोल्ट एकमेकांत बदलले, तरी वरवर सगळ्या ठीक दिसतील. बिघाड कळेल तो गोळी झाडताना. एका वेळी एकच रायफल उघडायची, ही जुन्या आर्मररांची शिस्त त्यासाठीच आहे.

गॅस रेग्युलेटर: एसएलआरची खासियत

गॅस सिलिंडरच्या पुढच्या भागात एक फिरवता येणारं कडं असतं. ते उघडं ठेवलं की जास्तीचा गॅस बाहेर जातो आणि पिस्टनला धक्का हलका बसतो. बंद करत नेलं की धक्का जोरदार होतो. स्वच्छ, तेल दिलेल्या रायफलीला कमी गॅस पुरतो. धूळ बसली, काजळी धरली किंवा पावसात भिजली की जास्त लागतो.

चांगल्या बनावटीची रायफल कमी गॅसवरही खोकं नीट फेकते. कडं जवळजवळ पूर्ण बंद केल्याशिवाय चालत नसेल, तर पिस्टन झिजलाय, स्प्रिंग थकलीय किंवा चेंबर खडबडीत झालाय असं समजावं. उलट कायम जास्त गॅसवर ठेवली, तर सुटे भाग एकमेकांवर आदळून लवकर झिजतात आणि खांद्याला धक्काही वाढतो.

मॅगझिन: स्वस्त भाग, महाग चूक

स्वतः भरणाऱ्या रायफली अडतात त्या बरेचदा मॅगझिनपायी. वरचे दोन पत्र्याचे ओठ काडतुसाला धरून ठेवतात आणि योग्य कोनात सोडतात. मॅगझिन दगडावर पडलं आणि एक ओठ जरासा वाकला, तरी काडतुसाचं टोक नळीत न जाता कडेला आपटतं. तपासताना ओठांची दोन्ही बाजूंची उंची पाहावी, काडतुसं वर ढकलणारी आतली पट्टी बोटाने दाबून ती न अडकता वर येते का पाहावं आणि मॅगझिन रायफलीत बसवून हलवून पाहावं. थोडा खुळखुळाट चालतो, खालीवर हलता कामा नये.

कारगिलच्या युद्धाने १९९९ मध्ये हाच धडा दिला. इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझिनं कडाक्याच्या थंडीत तडकल्याच्या तक्रारी आल्या. गोळ्या किती उरल्या हे बाहेरून दिसावं म्हणून ती अर्धपारदर्शक होती. सोय खरोखर उपयोगाची होती, पण साहित्य त्या हवेला पुरं पडलं नाही. नवं वैशिष्ट्य ज्या हवेत वापरायचं त्याच हवेत तपासल्याशिवाय त्याचं कौतुक करू नये.

चाप आणि सेफ्टी

रायफल रिकामी आहे याची पुन्हा खात्री करून चाप तपासावा. प्रत्येक दाबाला जोर सारखा लागतो का? मध्येच अडखळतो का? एसएलआरमध्ये डाव्या बाजूला, मुठीच्या वर सेफ्टीचा खटका असतो आणि त्याला दोनच जागा असतात: बंद आणि एकेक गोळी. खटका स्पष्ट ‘टक’ करून बसला पाहिजे, कपड्याला घासून आपोआप सरकता कामा नये. सेफ्टी लावून चाप जोरात दाबला तरी आतलं काहीच हललं नाही पाहिजे. मग चाप सोडून सेफ्टी काढावी. काढताक्षणी घोडा पडला, तर ते हत्यार तिथेच बाजूला काढावं.

गर्दीत बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भाग नाही. गणपतीच्या दिवसांत पेणच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. तिथे सेफ्टीची चूक म्हणजे एखाद्याचा जीव.

नेम: गोळ्या कुठे लागतात, कशा लागतात

रायफल आधारावर ठेवून एकाच बिंदूवर पाच गोळ्या झाडतात आणि कागदावरची भोकं पाहतात. भोकं एकमेकांजवळ पण मध्यापासून लांब असतील, तर रायफल चांगली आहे. नेम धरायची साइट जुळवून तो दोष निघतो. भोकं कागदभर विखुरली असतील, तर दोष खोल आहे: झिजलेली नळी, बिघडलेली कडा, ढिला दस्ता किंवा हलणारी साइट. नवशिके पहिल्या प्रकाराला घाबरतात आणि दुसऱ्याला आपला नेम वाईट म्हणून सोडून देतात. म्हणूनच दोन वेगवेगळ्या सराईत नेमबाजांकडून गोळ्या झाडून घेणं योग्य.

लाकूड, लेप आणि कोकणची हवा

पेणला धरमतरची खाडी, रोह्याला कुंडलिका. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि हवेत मीठ. पोलादाला याहून वाईट हवा शोधून सापडायची नाही.

पोलादावर निळसर काळी झाक देतात तिला ब्ल्यूइंग म्हणतात. ती दिसायला देखणी, पण पातळ असते. लष्करी हत्यारांवर बहुधा फॉस्फेटचा खरबरीत लेप असतो. तो दिसायला मंद, पण तेल धरून ठेवतो आणि गंजाला जास्त दिवस थोपवतो. लेप तपासताना सपाट भाग पाहून फायदा नाही. साइटच्या मुळाशी, पट्ट्याच्या कडीखाली, स्क्रूच्या डोक्यात आणि लाकूड जिथे पोलादाला भिडतं तिथे पाहावं. गंज तिथून सुरू होतो.

लाकडी दस्ता ओल पिऊन फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि स्क्रू ढिले होतात. दस्त्याच्या मानेला, हात धरतो त्या बारीक भागाला, केसासारखी चीर गेली आहे का हे ओल्या बोटाने पुसून पाहावं. पाणी चिरेत उतरून रेघ गडद दिसते. चामड्याच्या कव्हरात हत्यार महिनोन् महिने ठेवणं ही इथे सर्रास होणारी चूक आहे. चामडं दमटपणा धरून ठेवतं आणि आतलं पोलाद खातं.

शेतकऱ्याच्या दुनळीला हीच कसोटी

एसएलआर साफ करताना मधल्या बिजागरीवर मोडून उघडते. बारा बोअरची दुनळीही तशीच मोडते. तेव्हा परवानाधारकाने स्वतःची बंदूक अशी पाहावी.

* बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे पाहावं. मग पुढचा लाकडी भाग काढून, बंद बंदूक हळूच डावीउजवीकडे हलवावी. नळ्या आणि बॉडी यांच्यात खुळखुळ जाणवली, तर बिजागरी झिजली आहे.
* वरचा खटका बंद स्थितीत मधोमध किंवा किंचित उजवीकडे असावा. मध्य ओलांडून डावीकडे गेला असेल, तर कुलूप झिजलं आहे.
* नळ्या बॉडीपासून सोडवून दोरीला टांगाव्यात आणि बोटाच्या पेराने टिचकी मारावी. घंटेसारखा स्वच्छ नाद यावा. फुटका, बद्द आवाज आला तर नळ्या जोडणारी पट्टी सुटली आहे.
* चेंबरची लांबी नळीवर कोरलेली असते. ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये ७० मिलिमीटरचं काडतूस बसतं, पण फुटल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो.
* आजोबा-पणजोबांच्या बंदुकीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली, तर ती पीळ देऊन घडवलेली दमास्कस नळी असू शकते. ती काळ्या दारूच्या जमान्यातली आहे. तिच्यात आजचं काडतूस घालू नये.
* कारखान्याचं नाव, नंबर आणि चाचणीचे शिक्के स्पष्ट असावेत आणि परवान्यावरच्या नोंदीशी जुळावेत. नंबर खोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

दोष आढळला तर घरी ठोकाठोक करू नये. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडेच जावं. आणखी एक. शेतीरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुकराला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे, आणि वन विभागाच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही.

नव्या हत्याराची बातमी वाचताना

पुण्याच्या एआरडीईने जानेवारी २०२४ मध्ये ‘उग्रम’ ही ७.६२ मिलिमीटरची नवी रायफल सादर केली. वजन चार किलोहून कमी, मॅगझिन वीस गोळ्यांचं, मारा पाचशे मीटरपर्यंत, असे आकडे जाहीर झाले. आकडे महत्त्वाचे असतात, पण निम्मीच गोष्ट सांगतात. उरलेली निम्मी चाचणीतून कळते. चिखलात, पाण्यात, धुळीत आणि थंडीत किती गोळ्यांमागे एकदा अडली? उंचावरून पडली तर आपोआप उडाली का? सुटे भाग दहा वर्षांनी मिळतील का? आणि हत्यार हाती देताना पोलिसाला सरावासाठी वर्षाला किती काडतुसं मिळतील?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात पोलिसांच्या हाती जुन्या .३०३ होत्या आणि समोर एके-४७. त्या रात्रीनंतर हत्यारं बदलण्याची मागणी झाली, ती रास्तच होती. पण नवी हत्यारं घेऊन काम संपत नाही. पोलीस ठाण्याच्या शस्त्रागारात जाणकार आर्मरर, तपासणीचे गेज, चांगलं तेल आणि सरावाची काडतुसं नसतील, तर महागडी रायफलही चार पावसाळ्यांत निकामी होते. हे सगळं आहे का, हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारणं नागरिक म्हणून आपलं काम आहे. आणि ज्याच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्याने पाऊस सरल्यावर, वालाची पेरणी होण्याआधी ती एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावी.